म्हातारा घोडा गवताचे गोळे टाकतो तेव्हा

घोड्याच्या ठाणापाशी सकाळी झाडलोट करताना कधी कधी ओल्या गवताचे लांबट गोळे सापडतात. बोटभर जाड, चुरगळलेले, लाळेने चिकट झालेले. लिदीबरोबर तेही पाटीत जातात आणि उकिरड्यावर पडतात. घोडा का वाळतो आहे याचे उत्तर बरेचदा त्या पाटीतच असते. घोड्याने घास घेतला होता, चावायचा प्रयत्नही केला होता. दाढांना तो पेलला नाही, गालाला किंवा जिभेला काहीतरी टोचले, म्हणून त्याने तो तसाच खाली टाकला. पुढच्या घासाचेही तेच झाले. दिवसभर घोडा गवतापुढे उभा असतो, तोंड हलत असते, मालकाला वाटते जनावर खाते आहे. महिन्या-दोन महिन्यांत मात्र बरगड्या मोजता येऊ लागतात.

मग चारचौघांत निदान ठरते: म्हातारा झाला, आता असाच वाळत जाणार. हे निदान मला मुळीच मान्य नाही. वीस-बावीस वर्षांचा घोडा हळू चालतो, डोळ्यांवरचे खळगे खोल होतात, पाठ थोडी वाकते, तोंडावर पांढरे केस दिसू लागतात. हे वयाचे. पण पोटभर खाऊन ते पचवणारा निरोगी म्हातारा घोडा वाळत नाही. वाळतो तेव्हा काहीतरी कारण असते, आणि पुष्कळदा ते शोधून त्यावर इलाजही करता येतो.

डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा घोडा, वरातीची घोडी, एखाद्या वाडीत हौसेने पाळलेले तट्टू, अशी घोड्यांची तुरळक वस्ती या भागात आहे. एकूणच देशात घोडा कमी होत चालला आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून साधारण ३ लाख ४० हजार जनावरे मोजली गेली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. घोडे कमी झाले तशी घोड्यांची माहिती असलेली माणसेही कमी झाली. पूर्वी पागेत मोतद्दार असे, नालबंद असे, चार पिढ्यांचे पाहून-शिकून आलेले शहाणपण असे. आज गावात एकच घोडा असतो आणि शेजारी सल्ला देतात तो गाईम्हशींवरून. घोड्याचे पोट मात्र गाईसारखे चालत नाही.

हा मुलूख खरे तर गवताचा. डहाणू-तलासरीच्या माळांवरचे गवत पावसाळा सरला की कापून, वाळवून मुंबईला जाई, आणि तिथल्या तबेल्यांतल्या म्हशी-घोडे त्यावर पोसले जात. हे गवत कापणाऱ्या वारल्यांच्या हाती त्यातले फार थोडे पडे. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी त्यांची परिषद भरली. किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वेठबिगार नाकारण्याचे ठरले. त्या वर्षी पावसाळ्यानंतर लढ्याचा मुद्दा गवतकापणीचा दर हाच होता: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. इथल्या गवताच्या भाऱ्याला हा इतिहास आहे, आणि तो माहीत असलेल्या माणसाला ठाणाखाली पडलेला एकेक गोळा अधिकच टोचतो. याच मुलखातल्या वारली लग्नचौकात, म्हणजे लग्नात भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चित्रात, पालघट देवीच्या सोबतीला पंचशिऱ्या येतो. हा घोड्यावरचा देव आहे आणि त्याच्या मानेतून धान्याची पाच कणसे फुटलेली असतात. चौक काढणाऱ्या बायकांनी घोडा आणि दाणा एकाच आकृतीत बांधून ठेवले आहेत.

आता दाढांकडे येऊ. गाय गवत अर्धवट चावून गिळते आणि नंतर निवांत रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही. तोंडात जेवढे दळले गेले तेवढेच. पुढे मोठ्या आतड्यात जंतूंच्या मदतीने गवत आंबते आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. पण जाडेभरडे, न दळलेले तंतू तिथे पोचले तर जंतूंनाही ते नीट फोडता येत नाहीत. घोड्याची लाळही चावतानाच सुटते, आणि ती थोडीथोडकी नाही. दिवसभर गवत चावणाऱ्या मोठ्या घोड्याला तीस-चाळीस लिटरपर्यंत लाळ सुटते. चावणे बिघडले की दळणही बिघडते आणि घास भिजतही नाही.

गवतात वाळूच्याच जातीची सिलिका असते. तिने दात झिजतात. ही झीज भरून काढण्याची सोय निसर्गाने मोठ्या हुशारीने केली आहे. तरुण घोड्याची दाढ वर थोडीशीच दिसते, उरलेली जबड्यात खोल दडलेली असते. पूर्ण दाढेची लांबी सुमारे चार इंच. ती वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकते आणि तेवढीच झिजते. नवीन काही वाढत नाही, साठवलेलेच बाहेर येत राहते. चार इंच म्हणजे शंभर मिलिमीटर. म्हणजे हा साठा कधीतरी संपणारच. पंचविशीनंतर काही दाढा मुळापर्यंत येतात, गुळगुळीत होतात, हलू लागतात, पडतात. गुळगुळीत दाढ म्हणजे टाकी न लावलेले जाते. ते फिरते, पण दळत नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड घासली न जाता राहते आणि कालांतराने सुरीसारखी धारदार होते. वरची धार गाल कापते, खालची जीभ. एखादी दाढ पडली की तिच्या समोरची दाढ घासायला जोडीदार न उरल्याने वर चढत जाते आणि रिकाम्या हिरडीत रुतते. दोन दाढांमध्ये फट पडली तर तिथे गवत अडकून कुजते, हिरडी पिकते, तोंडाला घाण वास येतो. हे सारे गालाच्या आड चाललेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना ओठ वर करून दात पाहतातच. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी एक उभी खाच उगवते, पंधराव्या वर्षी ती दाताच्या निम्म्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोचते आणि मग वरून पुसली जाऊ लागते. जाणकार त्यावरून वय सांगतो. वय कळले की ओठ सोडला जातो. सौदा पुढच्या दातांवर होतो, आणि घोड्याचे सगळे जेवण मागच्या चोवीस दाढांवर अवलंबून असते. त्या कुणी पाहिलेल्या नसतात. शर्यतीतून सवारीला, सवारीतून वरातीला, वरातीतून किनाऱ्यावर अशी तीन-चार हातांतून फिरलेली घोडी विसाव्या वर्षी डहाणूला येते तेव्हा तिच्या दाढा आयुष्यात एकदाही कानसलेल्या नसतात, असे होऊ शकते.

मालकाने स्वतः काय पाहावे? गोळे तर झालेच. चंदी खाताना दाणे तोंडातून गळतात का, घास चावताना मान एका बाजूला कलते का, गवत पाण्यात बुडवून खाण्याची सवय नव्याने लागली आहे का, गालात गवत साठून गाल फुगलेला दिसतो का. लीद हातात घेऊन मोडून पाहावी. लांब लांब काड्या आणि अख्खा हरभरा दिसला तर दळण नीट होत नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर वरच्या दाढेचे मूळ सडून त्याचा पू वरच्या जबड्याच्या पोकळीत उतरलेला असण्याची दाट शक्यता असते. गालावरून, वरच्या दाढांच्या रेषेवर बाहेरून हलके दाबून पाहावे. घोडा दचकून मान काढून घेतो का, एवढे कळते.

तोंडात हात मात्र घालू नये. घोड्याच्या दाढांत सापडलेले बोट हाडासकट चिरडते. याहून मोठे कारण रेबीजचे आहे. लाळ गाळणारा, गिळता न येणारा घोडा कुत्रा चावल्याने पिसाळलेला असू शकतो, आणि त्याची लाळ माणसाच्या जखमेला लागणे जिवावर बेतते. जबडाच उघडत नसेल, अंग ताठले असेल तर धनुर्वाताची शंका घ्यावी. दाढांची तपासणी हे पशुवैद्यकाचे काम. घोड्याला गुंगीचे इंजेक्शन देऊन, तोंड उघडे धरणारी लोखंडी चौकट बसवून, बॅटरीच्या उजेडात ती करायची असते. धारदार कडा लांब दांड्याच्या कानशीने घासतात. त्यात घोड्याला वेदना होत नाही, कारण दाढेच्या त्या भागात मज्जातंतू नसतात. म्हाताऱ्या घोड्याला मात्र बेताने घासावे लागते, कारण साठाच थोडा उरलेला असतो. हलणारी दाढ काढून टाकली तर कित्येकदा घोडा लवकरच पुन्हा खाऊ लागतो. तरुण घोड्याची तपासणी वर्षातून एकदा पुरते, पंधरा-सोळा वर्षांपुढे दर सहा महिन्यांनी करावी. टाळूला सूज आहे म्हणून ती डागायची किंवा खरवडायची जुनी रीत अजून कुठे कुठे चालते. त्याने भूक वाढत नाही, आधीच दुखऱ्या तोंडात आणखी एक जखम होते. ही रीत बंद व्हायलाच हवी.

दाढा गेल्या म्हणजे घोडा संपला असे नाही. दात नसलेल्या घोड्याला वर्षानुवर्षे चांगले सांभाळता येते, फक्त दळणाचे काम आपण हाती घ्यायचे. इथे डहाणूच्या परिस्थितीचा विचार करावा लागतो. भातकापणीनंतर इथे सर्वांत स्वस्त आणि मुबलक मिळतो तो पेंढा. म्हाताऱ्या घोड्याला तो सर्वांत वाईट. त्यात सिलिका भरपूर, सत्त्व अगदी कमी, आणि नीट न चावता गिळलेला पेंढा आतड्यात दाटून बसतो. त्यापेक्षा कोवळे हिरवे गवत किंवा लसूणघास बोटाच्या पेराएवढा बारीक कापून द्यावा. घोड्यासाठीचे तयार गोळी खाद्य मिळाले तर ते तासभर कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखे करावे. भिजवून भरडलेला हरभरा थोडा, शिजवलेले जव, गव्हाचा कोंडा, चिमूटभर मीठ, आणि वर गोडेतेल. तेल दोन चमच्यांपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवत न्यावे. थोड्या खाण्यात जास्त ताकद देण्याचा तो साधा मार्ग आहे. हे सारे दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते, आणि एकदा गिळलेले त्याला ओकता येत नाही.

कोंड्याबद्दल एक सावधगिरी. कोंडा मऊ, घोड्याला आवडतो, म्हणून त्याच्यावरच भागवण्याचा मोह होतो. पण त्यात फॉस्फरस फार आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी. महिनोन्महिने कोंडाच दिला तर शरीर हाडांतला चुना काढून हिशेब जुळवते, हाडे ठिसूळ होतात आणि तोंडाची हाडे सुजून चेहरा मोठा दिसू लागतो. लसूणघासात चुना पुरेसा असतो, म्हणून दोन्ही बरोबर द्यावे. दुसरी सावधगिरी याहून गंभीर आहे. घरात गाईचे किंवा कोंबड्यांचे खाद्य शिल्लक आहे म्हणून ते घोड्याला घालू नये. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने नष्ट होतात, आणि त्यावर उतारा नाही.

चिकूचे काय, असे डहाणूत कुणीही विचारील. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, बागांतून फळ खाली पडलेले असते आणि घोड्याला गोड आवडते. बी काढलेल्या दोन फोडी कधीतरी चालतील. पाटीभर नको. चिकूच्या बीला आकडा असतो, दात नसलेल्या घोड्याच्या घशात ती अडकू शकते. आणि एवढी साखर एकदम पोटात गेली तर खुरांच्या आतल्या पडद्यांना दाह होऊन घोडा लंगडू लागतो. म्हाताऱ्या घोड्यात या आजाराचा, लॅमिनायटिसचा, धोका आधीच जास्त असतो.

खाणे किती द्यायचे हे ठरवायला वजन हवे. गावात घोड्याचा काटा कुठून आणणार? शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, पाठीवरून फिरवून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणायचे, त्याला लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे. घेर १५० आणि लांबी १४५ असेल तर उत्तर येते साधारण २७५ किलो. अशा तट्टाला दिवसाला चार ते साडेपाच किलो कोरड्या वजनाचे खाणे लागते. हिरव्या गवतात तीन-चतुर्थांश पाणीच असते, हे लक्षात ठेवून ते तितक्या पटीने वाढवावे. दर पंधरा दिवसांनी हीच टेप लावून आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला वजन उतरलेले कळत नाही. हातही फिरवावा. अमेरिकेतल्या हेनेके यांनी १९८३ मध्ये घोड्याच्या अंगावरच्या मांसाला एक ते नऊ गुण देण्याची पद्धत बसवली. मान, खांद्याचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागा चाचपून पाहायच्या. पोटाकडे पाहून फसू नये. जंत झालेल्या, पाठ बसलेल्या घोड्याचेही पोट सुटलेले असते.

आतापर्यंत सांगितले ते खायची इच्छा असून खाता न येणाऱ्या घोड्याचे. ज्याने खाण्याकडे पाठच फिरवली त्याची गोष्ट निराळी. पहिला घोडा काही दिवस थांबू शकतो, दुसरा थांबू शकत नाही. चंदी पुढे केली तरी तोंड फिरवतो, पोटाकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, बसतो-उठतो, लोळतो, घाम सुटतो, लीद पडत नाही: ही पोटशूळाची लक्षणे आहेत, आणि इथे तास मोजायचे असतात. जबड्याच्या कडेखालच्या धमनीवर बोट ठेवून नाडी मोजावी. शांत उभ्या घोड्याची ती मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली तर परिस्थिती गंभीर आहे. हिरडी गुलाबी आणि ओली असावी. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यावा. दोन्ही कुशींना कान लावून ऐकावे, आतड्यांची गुडगुड सतत चालू असते. ती अजिबात ऐकू येत नसेल तर तसे डॉक्टरांना फोनवर सांगावे. ताप गुदद्वारातून पाहावा, १०१.५ फॅरनहाइटच्या वर असेल तर ताप आहे. शूळ असलेल्या घोड्याच्या घशात नळीने किंवा बाटलीने तेल ओतण्याची घाई करू नये. ते फुप्फुसात उतरले तर शुळाच्या जोडीला न्यूमोनिया होतो.

किनाऱ्यावरच्या घोड्यांना शुळाचे एक खास कारण असते, वाळू. सुरूच्या झाडाखाली, वाळूवरच गवत टाकले की प्रत्येक घासाबरोबर थोडी वाळू पोटात जाते आणि मोठ्या आतड्याच्या तळाशी साठत राहते. घोडा रोडावतो, मधूनमधून पातळ लीद टाकतो, खाणे अर्ध्यावर सोडतो आणि एक दिवस शुळाने लोळू लागतो. याची चाचणी घरी होते. जमिनीला न टेकलेल्या लिदीचे चार-पाच लेंडके काचेच्या बरणीत पाण्यात कालवून पंधरा मिनिटे ठेवावे. तळाशी वाळूचा थर दिसला तर शंका खरी. गवत टोपलीत, घमेल्यात किंवा जाळीत उंचावर नव्हे तर छातीखाली ठेवावे, म्हणजे वाळूही टळते आणि मान खाली करून खाण्याची नैसर्गिक रीतही टिकते.

घास घशात अडकणे हा आणखी एक प्रसंग. घोडा मान ताणतो, खोकतो, नाकपुड्यांतून हिरवट पाणी आणि खाणे बाहेर येते. पाहणारा घाबरतो, पण घोड्याचा श्वास चालू असतो, अडकलेले असते ते अन्ननलिकेत. खाणे-पाणी काढून घ्यावे, घोड्याला शांत, मान खाली राहील असे उभे करावे आणि डॉक्टरांना बोलवावे. काठी घालून ढकलायचा प्रयत्न करू नये.

तट्टे आणि गाढवे यांच्याबाबतीत उपासाचा एक वेगळाच धोका आहे, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. कुठल्याही कारणाने दोन-तीन दिवस खाणे बंद झाले की त्यांच्या अंगातली चरबी वेगाने रक्तात उतरते, यकृत तिने भरून जाते, भूक आणखी मरते. मूळ दुखणे साधे असले तरी जनावर या चरबीच्या लोंढ्याने दगावते. अंगाने भरलेल्या तट्टात हे अधिक घडते. म्हणून “उद्या खाईल” म्हणत थांबणे म्हणजे वरातीमागून घोडे आणणे होय.

उरला तिसरा घोडा: जो व्यवस्थित खातो, गोळे टाकत नाही, आणि तरी वाळतो. यात जंत पहिले. वर्षानुवर्षे एकच औषध दिल्याने जंतांना त्याची सवय होते, म्हणून लीद तपासून औषध ठरवावे. त्यानंतर कुशिंगचा आजार. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी यात बिघडते. पंधरा वर्षांवरच्या घोड्यांत साधारण पाचात एकाला हा आजार आढळतो, असे परदेशी अभ्यास सांगतात. अंगावर लांब, कुरळे केस वाढतात आणि उन्हाळ्यातही गळत नाहीत, पाठीचे मांस उतरते, घोडा खूप पाणी पितो, वारंवार लॅमिनायटिस होतो. डहाणूच्या मे महिन्यात कुणाचा घोडा गोधडी पांघरल्यासारखा केसाळ दिसत असेल, तर त्याला कौतुकाने थोपटण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. आजार बरा होत नाही, पण पर्गोलाइड या औषधाने ताब्यात राहतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर सर्रा हा रोग आठवला पाहिजे. चावऱ्या मोठ्या माश्या गाईम्हशींच्या रक्तातून ट्रिपॅनोसोमा नावाचा सूक्ष्म जीव घोड्यात नेतात. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने आपल्याच उपखंडात, डेरा इस्माईल खान इथे, घोडे-उंटांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. ताप येतो आणि जातो, घोडा खात असतो, पण हिरड्या पांढुरक्या होतात, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो, मागचे पाय लटपटतात. गाईला हा जीव फारसा त्रास देत नाही, घोड्याला मात्र इलाजाविना मारतो. गोठा आणि घोड्याचे ठाण एकाच छपराखाली असलेल्या वाडीत हे विशेष लक्षात ठेवावे. ताप चढलेला असतानाच काचपट्टीवर रक्त घेतले तर जीव सापडण्याची शक्यता जास्त. नाकातून घट्ट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी आणि रोडावणे असे एकत्र दिसले तर ग्लँडर्सची शंका येते. हा रोग माणसाला होतो. तो सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई, म्हशी, शेळ्या पाहतात. घोडा त्यांच्यापुढे क्वचित येतो, त्यामुळे मालकाने नेमकी माहिती देणे फार मोलाचे ठरते. खाणे कधीपासून कमी झाले, खायची इच्छा आहे की नाही, लीद शेवटची कधी पडली, पाणी किती पितो, नाडी किती, ताप किती, शेवटचे जंताचे औषध कोणते आणि कधी, टेपेचे आकडे. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरते पशुवैद्यकीय पथक मागवता येते. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी मुंबईत परळला १८८६ पासून चालत आलेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. डहाणूहून ते शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. शूळ उठलेल्या घोड्याला ट्रकमध्ये घालून निघण्याआधी इथल्या डॉक्टरांकडून वेदनाशामक देऊन घ्यावे आणि परळला फोन करून ठेवावा.

घोडा वाळत असेल त्या काळात त्याला काम नको. वय किंवा आजाराने कामाला अपात्र झालेल्या जनावराला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला उपाशी सोडून देणेही. मला ठाऊक आहे की किनाऱ्यावरच्या घोड्याच्या कमाईवर एक घर चालते, सुट्टीचा हंगाम थोडा असतो आणि हातातली फेरी सोडणे सोपे नसते. तरीही सांगतो, बरगड्या दिसणाऱ्या घोड्यावर चढवलेला प्रत्येक पर्यटक त्याच्या अंगातले उरलेले मांस नेतो. महिनाभराची विश्रांती, कानसलेल्या दाढा आणि भिजवलेले खाणे एवढ्यावर पुष्कळ घोडे पुन्हा उभे राहतात. काही राहत नाहीत. यकृत किंवा मूत्रपिंड गेले असेल, पोटात गाठ असेल, उठताही येत नसेल, तर डॉक्टरांच्या हातून वेदनेविना शेवट करणे हे घोड्याला रस्त्यावर सोडण्यापेक्षा कितीतरी माणुसकीचे आहे.

उद्या सकाळी ठाण झाडाल तेव्हा पाटी उकिरड्यावर ओतण्याआधी एकदा नीट पाहा. गवताचे गोळे दिसले तर चार-पाच गोळे कागदात गुंडाळून ठेवा, आणि डॉक्टर येतील तेव्हा आधी ते त्यांच्या हातात द्या.